वेटोळ्यात झोपलेली शक्ती

त्या दिवशी आमच्या शिलाईच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि जिथे होती तिथे कुणाचा ना कुणाचा उघडा गुडघा होता. जिन्यापासून थेट इस्त्रीच्या टेबलापर्यंत रांग. पुरुषांनी पँटी दुमडलेल्या. एक आजोबा तर घरूनच हाफ पँट घालून आले होते. सगळ्यांचे डोळे लागले होते टेबलाखालच्या एका लाल रिळाकडे. रिळावर गुंडाळलेली होती एक्स्टेन्शनची वायर. पन्नास मीटर, काळी, करंगळीहून बारीक.

"हात लावा, घाबरू नका," वेटोळेबुवा सांगत होते. "ऊब लागते ना? ही वीज नव्हे बरं का! वीज काय, कुणाच्याही घरी असते. हे तेज आहे. शक्ती वेटोळं घालून झोपली आहे. वेटोळं कुणी सोडायचं नाही. शक्ती उलगडली की संपली!"

"संपली!" मागून शिष्य ओरडला.

मी तिथे काजं करायच्या मशीनवर बसते. या सगळ्याची सुरुवात आमच्याच घरातल्या माणसापासून झाली, म्हणून सांगणं भाग आहे. माझे सासरे त्याच कारखान्यात कटिंग मास्तर. तीस वर्षं उभ्यानं कापड कापून त्यांचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला होता. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले होते, पण मामंजींना व्यायामाचं नाव काढलं की झोप यायची.

त्या गर्दीच्या दोन महिने आधी मालकांनी मोठी, जड इस्त्री आणली. भिंतीतला प्लग दहा फुटांवर. मालक बाजारात गेले आणि पन्नास मीटरचं रीळ घेऊन आले. "मोठंच घेतलं, कधीतरी उपयोगी पडेल!" त्यातली दहा फूट वायर ओढली, उरलेली तशीच रिळावर ठेवून रीळ टेबलाखाली सरकवलं. एका दुपारी मामंजींनी पाय लांब केला तो नेमका त्या रिळावर पडला.

"अगं, काय बरं वाटतंय!" ते मला म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाय तिथेच.

हे पाहिलं आम्हाला बटणं पुरवणाऱ्या माणसानं. तीन दिवसांनी तो आला तो पायघोळ पांढरा अंगरखा घालून, आणि त्या अंगरख्याला एकही बटण नव्हतं. बरोबर त्याचा मेहुणा, तोच शिष्य. बुवांनी आल्या आल्या रिळावर स्वतःच्या फोटोचा गोल स्टिकर चिकटवला आणि गावभर बातमी पसरली. मालकही खूश. गुडघे शेकायला आलेली माणसं जाताना नातवंडांच्या गणवेशांची मापं देऊन जात होती.

दर वेळी एकच क्रम. आधी शिष्य अंगरख्यांचं गाठोडं इस्त्रीवाल्या मावशींपुढे टाकायचा. "गुरूंना कडक इस्त्री लागते. आधी हे!" मावशी बारा अंगरखे इस्त्री करायच्या आणि तोवर बुवा डोळे मिटून म्हणायचे, "तेजोम्, ओजोम्, व्होल्टोम्!" पाव तासात रीळ गरम. गर्दी गहिवरलेली. मावशी जेवायला बसल्या की रीळ गार पडायचं. तेव्हा बुवा सांगायचे, "शक्तीसुद्धा जेवायला गेली आहे." हे ऐकूनही मला काही सुचलं नाही, याची अजून लाज वाटते.

रबर जळल्यासारखा वास यायला लागला तेव्हा मात्र मी विचारलं. बुवा म्हणाले, "पापं जळताहेत." आता आम्ही बावीस जणी. आठ-आठ तास मशीनवर मान खाली घालून बसणाऱ्या. इतका वास येण्याएवढी पापं करायला आम्हाला सवड कधी मिळाली असेल? मग एके दिवशी बुवांनी हुकूम सोडला, शक्तीला गारवा लागू देऊ नका. आणि शिष्यानं रिळावर चिंध्यांची जाड दुलई घातली.

संध्याकाळी घरी मी हे माझ्या धाकट्या जावेला सांगितलं. ती प्रशिक्षण केंद्रात वायरिंग शिकवते. तिनं हातातलं ताटच खाली ठेवलं.

"ताई, चालू वायरीवर दुलई? आणि शेजारी कापडाचे गठ्ठे? उद्या मी येते."

आली. वाकून दुलई काढली, वास घेतला आणि सरळ बुवांना म्हणाली, "आज इस्त्री बंद ठेवून मंत्र म्हणाल का?"

"शक्तीची परीक्षा घेऊ नये!"

"परीक्षा कसली? मावशींच्या हातांना विश्रांती."

मावशींनी तत्काळ बटण बंद केलं आणि खुर्ची ओढून बसल्या.

मामंजींना हे आवडलं नाही. "सूनबाई, उगाच वाद नको. माझ्या गुडघ्याला खरोखर बरं वाटतं. तो काय खोटं बोलतोय?"

"गुडघा खरं बोलतोय, मामंजी," धाकटी म्हणाली. "बुवा खोटं बोलताहेत."

बुवांनी अर्धा तास व्होल्टोम् केलं. घाम फुटला तो त्यांना. हाफ पँटवाल्या आजोबांनी रिळावर गुडघा टेकवून पाहिला आणि जाहीर केलं, "थंडगार आहे हो!"

"इथे अविश्वासाच्या लहरी आहेत," बुवा म्हणाले.

"असतील. आता उलटं करू," धाकटी म्हणाली. "मावशी, इस्त्री चालू. लहरी आहेत तशाच राहू देत. फक्त बुवांनी मंत्र म्हणायचा नाही."

"गुरूंनी मनातल्या मनात म्हटला तर?" शिष्यानं स्वतःला हुशार समजून विचारलं.

"बरी आठवण केलीस." धाकटीनं माझ्या मशीनजवळचा बटणांचा डबा बुवांपुढे उपडा केला. "मोठ्यानं मोजा. जुनाच धंदा आहे तुमचा."

सगळ्यांच्या नजरा रोखलेल्या. बुवा काय करणार? "एक, दोन, तीन..." मोजायला बसले. एकशे चाळीसच्या पुढे चुकले, तेव्हा रांगेतून चार जणांनी दुरुस्ती केली. तीनशे बाराव्या बटणाला आजोबांनी झटकन गुडघा उचलला. "तापलं! मंत्राशिवाय तापलं!"

धाकटीनं नखानं बुवांच्या फोटोची कड उचलली आणि स्टिकर सोलून काढला. खाली रिळाच्या कंपनीनं छापलेली पट्टी होती. तिनं मोठ्यानं वाचली, "वायर गुंडाळलेली असताना आठशे वॅट. पूर्ण उलगडल्यावर चोवीसशे. मावशी, इस्त्री किती वॅटची?"

मावशींनी चष्मा पुसून इस्त्रीवरचे आकडे वाचले. "दोन हजार."

"म्हणजे अडीचपट ओझं. वायर वीज वाहून नेताना थोडी तापतेच. ती मोकळी पसरलेली असली तर हवा तिला गार करते. पन्नास मीटर एकावर एक गुंडाळली तर आतली ऊब जाणार कुठे? एका पांघरुणात दहा माणसं शिरल्यासारखं होतं. त्यावर तुम्ही दुलई घातलीत. इस्त्री चालली की रीळ तापतं, म्हणून आधी अंगरखे!"

तिनं प्लग काढला, रीळ निवू दिलं आणि वायर उलगडायला घेतली. रांगेतल्या माणसांनी ती हातोहात जिन्याखाली नेली. वरचे थर सुटले. आतले एकमेकांना चिकटलेले होते, मऊ पडून चपटे झालेले. ओढताना चरचर आवाज आला. शेवटच्या थरात बोटभर जागी काळं आवरण वितळून गेलं होतं आणि आतलं तांबं उघडं पडलं होतं.

मामंजींनी आपला पाय हळूच मागे घेतला. "मी यावर पाय ठेवत होतो?" ते पुटपुटले. मग त्यांनी बावीस मशिनी पाहिल्या, कापडाचे गठ्ठे पाहिले, एकुलता एक जिना पाहिला आणि मालकांना म्हणाले, "आज काम बंद. आधी वायरमन बोलवा."

या गडबडीत बुवा कधी पसार झाले कुणाला कळलं नाही. बारा अंगरखे मागेच राहिले. मावशींनी त्यांची फडकी केली.

इस्त्रीच्या टेबलामागेच आता भिंतीत जाड वायरीचा वेगळा प्लग आहे, रिळाची गरजच उरली नाही. मामंजी गरम पाण्याच्या पिशवीनं गुडघा शेकतात आणि धाकटीच्या धाकानं व्यायामही करतात. बुवा पळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मात्र पुन्हा रांग लागली. या खेपेला पँटी दुमडलेल्या नव्हत्या आणि हातात वायरी. पाववाला आपल्या भट्टीच्या पंख्याची घेऊन आला. तिला धाकटीनं उष्णता सोसणारं रबरी आवरण सांगितलं. गाड्या धुणाऱ्याची वायर पाण्यात पडून असायची, तिला तीन ठिकाणी चिकटपट्टी. ती तिनं कात्रीनं कापूनच टाकली आणि पाण्यापासून बचाव करणाऱ्या जोडाची नवी आणायला लावली. शिकवणीच्या बाई दिव्यासाठी बारीक वायर वापरत होत्या. "हीच चालेल," ती म्हणाली, "फक्त मुलांच्या पायात येऊ देऊ नका."

आजोबांनी विचारलं, "एवढं सगळं लक्षात कसं ठेवायचं?"

"ठेवू नका. पट्टी वाचा. यंत्राला किती वीज लागते आणि वायरीला किती झेपते, एवढं पडताळा. गरम लागली तर हात जोडू नका, प्लग काढा."

मला एवढंच सांगायचंय. कुणी तुम्हाला म्हणालं, उलगडून पाहू नका, प्रश्न विचारू नका, तर तिथेच थांबा आणि उलगडून पाहा. आमच्याकडे बोटभर आवरण वितळलं होतं, आग लागायची तेवढी बाकी होती, आणि आम्ही बावीस जणी तिला शक्ती म्हणत होतो.