लंगड्या कोंबड्याचा लिलाव

कोंबडा शेवटी जगला. पण जस्टिन म्हणतो असं काही झालंच नाही, तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

हंगामाच्या सणाची उपासना आटोपून कोल्हारच्या चर्चच्या अंगणात अर्पणांचा लिलाव चालला होता. भोपळे गेले, उसाची मोळी गेली, मग मेरीबाईंचा लंगडा कोंबडा आला. दरवर्षी त्या तोच अर्पण करायच्या आणि लिलावात स्वतःच सोडवून न्यायच्या. देवाचंही भागायचं, कोंबड्याचंही. त्यावर दुसरं कुणी बोली लावत नसे.

यंदा जस्टिनने लावली. चर्चच्या पंचांच्या निवडणुकीत तो एका मताने पडला होता आणि ते मत कुणाचं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मेरीबाई गप्प होईपर्यंत तो बोली चढवत राहिला.

"भाऊ, टेम्पोखालून काढलेला जीव हाय त्यो. पाय मी बांधलाय त्याचा."

"मंग तंगडी तुमाला पाठवतो, बाई."

"घशात अडकल तुमच्या."

"आमेन," म्हणत जस्टिन कोंबडा उलटा धरून निघाला.

घरी त्याने सुरीला धार लावली. कोंबडा परातीत बसून त्याच्याकडे बघत होता. जस्टिनने सुरी ठेवली, चहा घेतला, पुन्हा उचलली.

"तिकडं बघ की," तो कोंबड्याला म्हणाला.

कोंबडा बघेना. जस्टिनने त्या सुरीने कांदा चिरला आणि बायकोला पिठलं टाकायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या पाळकसाहेबांनी विचारलं, "कोंबडा कसा निघाला?"

"लई चिवट."

शेजारच्या सत्यवाननेही विचारलं.

"रस्सा झ्याक हुता."

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मेरीबाईच दारात उभ्या. डोळे सुजलेले.

"खरंच खाल्ला का, भाऊ?"

"खाल्ला म्हनलं ना. हाडं दावू?"

तेवढ्यात न्हाणीमागून कोंबडा आरवला. जस्टिन पायातल्या चपलेकडे बघत राहिला.

"सत्यवानचा हाय," तो म्हणाला.

"व्हय," मेरीबाई म्हणाल्या. "सत्यवानला म्हनावं, डाव्या पायाला हळद लाव."

सोमवारी ग्रामपंचायतीत जस्टिनचा अर्ज आला: 'अर्जदाराकडे कोणताही कोंबडा नाही. तथापि सदर कोंबडा रोज पहाटे आरवत असल्याने अर्जदाराची नाहक बदनामी होत आहे. तरी प्रभाग क्रमांक तीनमध्ये पहाट होणे पुढील आदेशापर्यंत बंद ठेवण्यात यावे, ही नम्र विनंती.'