सदतीस ठिपके

“मधलं भोक आधी पाड गं, बाकीची त्याच्याभोवती बसतील,” शकू म्हणाली. शेवंतीने पेटती उदबत्ती टेकवली आणि मला पहिला चटका बसला.

मित्रांनो, मी एक जुना ठिपक्यांचा कागद आहे. मोहने गावातल्या चाळीत या दोघी शेजारणींनी मला घडवलं. मधल्या भोकाभोवती सहा, त्यांच्याभोवती बारा, मग अठरा. झाली सदतीस. माझ्यावर रांगोळी पसरून हात फिरवायचा आणि मला अलगद उचलायचं, की जमिनीवर षटकोन उमटे. बाहेरची अठरा भोकं झाकून तेवढेच ठिपके चिमटीने सहा बाजूंना तीन-तीन टाकले, तर त्याच सदतिसांची चांदणी होई!

माझ्या ठिपक्यांची सारखी वाटणी मात्र होत नसे. शकूने हट्टाने करून पाहिली. दोघींत, तिघींत, चौघींत.

“मेला एक उरतोच!” ती वैतागली.

“तुझ्यासारखाच हट्टी आहे,” शेवंती हसली.

चातुर्मासात दोन्ही उंबऱ्यांवर रोज रांगोळी, हा त्यांचा नेम. कुणी आजारी पडलं, तर दुसरी धावे. “जिचा उंबरा रिकामा राहील, तिच्या दारी दुसरीने जायचं,” असा तुळशीपुढे शब्दच दिलेला.

मग चाळ सुटली. शकू कळव्याला गेली, शेवंती मला घेऊन टिटवाळ्याच्या नव्या इमारतीत. इथे सून दीप्तीने दारात रांगोळीचा स्टिकर चिकटवला. “आई, रोज कशाला वाकता?” तीही मायेनेच म्हणाली. शेवंती देवापुढे बोटांनी स्वस्तिक काढी. त्याला मी लागत नव्हतो. देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात पोथ्यांच्या ओझ्याखाली मी पडून राहिलो. घंटा ऐकू येई, हात मात्र येत नसे.

यंदा चातुर्मास लागायच्या सुमारास शकूचे यजमान देवराम गेले. शेवंती भेटून आली. सुतक फिटल्यावर तिने देव्हाऱ्याजवळ बसूनच स्पीकरवर फोन लावला.

“दारात काही काढलंस का गं?”

“कुणासाठी? मुलं आपापल्या घरी गेली. आता मी तो उरलेला ठिपका.”

शेवंती हळू म्हणाली, “उरलेला कसला? मधला तो. आधी पाडायला तूच लावलंस ना?”

पलीकडून नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला.

मित्रांनो, त्या एका ठिपक्याला मीही इतकी वर्षं उरलेलाच समजत होतो. तुमच्या घरात कुणी असं एका बाजूला पडलेलं असेल, तर एकदा हात फिरवून बघा.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून शेवंतीने मला बाहेर काढलं. हलकी फुंकर मारली. सदतीस भोकांतून उजेड आला.

“आई, एवढ्या सकाळी कुठे?” दीप्तीने विचारलं.

“कळव्याला. शकूचा उंबरा रिकामा आहे.”

पिशवीत रांगोळीचा डबा, त्यावर मी. देवाला हात जोडून शेवंतीने चपला घातल्या आणि दार हळूच ओढून घेतलं.