नोराच्या केबिनमधले पायोनिअर

आयर्लंडमध्ये चेरीवूडच्या ऑफिसने घरूनच काम करा म्हटलं आणि गिरीशच्या अंगात पायोनिअर संचारला. टॅला उपनगरातलं सुखाचं घर सोडून दोन हजार वीसच्या जूनमध्ये त्याने बायकोला आणि नऊ वर्षांच्या वैदेहीला लीट्रिम परगण्यातल्या एका ओंडक्यांच्या केबिनमध्ये आणून टाकलं. "जंगल तोडून घर वसवणाऱ्यांसारखं जगायचं," तो म्हणाला. जंगल कुणीतरी आधीच तोडलं होतं. केबिनला वीज होती, डांबरी रस्ता होता आणि अर्ध्या मैलावर पेट्रोलपंप होता.

पद्मिनी पहाटे साडेपाचला उठून राख काढी, शेगडी पेटवी. खिडकीच्या फळीवर देव मांडले होते. तिथे ओल इतकी, की वातीला तीन-तीन काड्या लागत. ऊब झाली की गिरीश उठे. मीटिंगा आटोपल्या की चौकड्यांचा शर्ट चढवी, कॅमेरा लावी आणि तीन लाकडं फोडी. तीनच. बाकीची पेट्रोलपंपावरून पिशव्यांत येत आणि त्या पद्मिनी वाहून आणी. पिशवी चित्रात आली, तर हा पठ्ठ्या पुन्हा पहिल्यापासून घाम पुसायला लागे. विजेचा बंब लावणं ही त्याच्या मते लबाडी होती. स्वतःच्या अंघोळीपुरती ती चाले.

वैदेही हिवाळाभर खोकत राहिली. "आय'म ग्रँड, आई," म्हणजे बरी आहे, असं म्हणायची आणि परत खोकायची.

शेजारच्या शेतावर राहणारी सत्तरीची नोरा ही केबिनची मालकीण. किल्ली देतानाच गिरीशने तिला ऐकवलं होतं, "आम्ही पायोनिअर आहोत." नोराने छातीवर हात ठेवून देवाचं नाव घेतलं होतं. बाई आपल्या धाडसाने भारावली, असं गिरीशने धरून टाकलं.

खरं काय ते वैदेहीने शाळेतून आणलं. इथे पायोनिअर म्हणजे देवासमोर शपथ घेऊन जन्मात दारूला न शिवणारा. तसे लोक कोटाला हृदयाची पिन लावतात. नोराचा भाऊ याच केबिनमध्ये पिऊन, शेगडीचं दार उघडं टाकून झोपला होता. घर जळता जळता वाचलं. तेव्हापासून पिणाऱ्याला ती जागा देत नसे. पद्मिनीने ऐकलं आणि पोटात ठेवलं. गिरीश तिला कधी काही विचारत नसे, नुसतं सांगत असे.

पुढच्या जूनमध्ये करार संपत आला. गिरीशला आणखी एक वर्ष हवं होतं, व्हिडिओ बघणारे वाढले होते ना. पद्मिनीला पोरीचा दुसरा हिवाळा इथे नको होता. नोराची लशीची दोन्ही इंजेक्शनं झाल्यावर त्याने तिला चहाला बोलावलं, तेही मुद्दाम सोमवारी. सोमवारी पद्मिनीचं सूर्यास्तापर्यंत मौन असे आणि जूनमध्ये इथला सूर्य दहापर्यंत रेंगाळतो.

"तुझ्या महादेवाचा एकदाचा मला उपयोग झाला," तो हसत म्हणाला.

नोरा आली, बसली, त्याच्या शर्टाकडे बघत राहिली. "तुझी पिन कुठे दिसत नाही ती?"

"मॅपवर टाकलीय की. सगळे बघणारे तीच बघून शोधतात आम्हाला."

नोराला काही उमगलं नाही. "माझ्या आईने साठ वर्षं लावली. सोपं नसतं बाबा."

"आमच्या तर रक्तातच आहे," गिरीश म्हणाला. "पद्मिनी, चहा."

पद्मिनी कपाटाकडे गेली. त्या कपाटाला वैदेही आता इथल्या मुलांसारखं प्रेस म्हणायची. कप डाव्या दाराआड असत. तिने दोन्ही दारं उघडली आणि उघडीच ठेवून कप विसळायला घेतले.

उजवीकडे व्हिस्कीच्या सहा बाटल्या उभ्या होत्या.

"कुणाच्या आहेत या?" नोराने हळूच विचारलं.

"माझ्या," गिरीश खुशीत आला. "पायोनिअर माणसाला थंडीत एवढं तरी हवंच की."

नोराने शेगडीकडे पाहिलं, मग बाटल्यांकडे, मग पद्मिनीकडे. पद्मिनीने तिच्यापुढे चहा ठेवला. नोराने तो घोटभर घेतला, बाईच्या हातचा म्हणून, आणि उठली. "महिनाअखेरीला किल्ली आणून दे."

दिवसभर गिरीश नोरावर आणि आयर्लंडवर चिडत राहिला. संध्याकाळी वैदेहीने त्याला पायोनिअरचा इथला अर्थ सांगितला, आईला तो केव्हाच सांगितल्याचंही सांगितलं; मग तो शब्दकोशावर चिडला. पद्मिनी सूर्य बुडायच्या आधीच झोपली होती.

मंगळवारी सकाळी तो तिच्या उठण्याची वाट बघत बसला होता. "तुला सांगता येत नव्हतं?"

"मौन होतं."

"वर्षभर?"

"तुम्ही विचारलं नव्हतं," ती म्हणाली, पदर खोचला आणि शेगडीकडे न जाता बंबाचं बटण दाबलं.