डिकीतली मणभर वाळू

मरोळ नाक्यावर रत्नप्रभाबाईंचं गॅरेज होतं. नवरा काशीराम गेला तेव्हा लोकांना वाटलं, बाई आता पत्रे विकून गावाला जाणार. बाईंनी पत्रे विकले नाहीत, उलट आणखी चार चढवले. शाळा दुसरीपर्यंतच, पण गाडी फाटकातून आत येताना तिच्या आवाजावरून काय बिघडलंय ते त्या सांगायच्या, आणि मालक कसा आहे तेही. दोन्ही तोंडावर सांगायच्या.

चौऱ्याऐंशी साल संपत आलं होतं. घाटकोपरच्या जयंतीभाईंना मद्रासच्या शर्यतीत उतरायचं होतं. त्यांच्याकडे गाड्या दोन. एक चार दारांची, घरातल्यासारखी ऐसपैस. दुसरी दोन दारांची, बसक्या छपराची, हलकी, दिसायला देखणी. दोन्ही त्यांनी बाईंच्या गॅरेजात आणून टाकल्या आणि म्हणाले, "तयार करा. रविवारी मी स्वतः दोन्ही पळवून बघतो. जी वळणावर नीट राहील ती मद्रासला, आणि तिचा मिस्त्री तिच्याबरोबर."

चारदारी बाईंच्या मुलाने, श्यामसुंदरने, घेतली. दोनदारी धोंडूने.

धोंडू म्हणजे काशीरामचा जोडीदार. दोघे एकाच वर्षी कोकणातून आले, एकाच खोलीत राहिले, एकाच पान्याने काम शिकले. तीस वर्षं धोंडूने लोकांच्या टॅक्स्या दुरुस्त केल्या. आपल्या हातची गाडी एकदा तरी शर्यतीत पळावी, एवढं एकच त्याच्या मनात होतं. आता वय अठ्ठावन्न. पुन्हा असा शेट भेटणार नव्हता.

महिनाभर काका-पुतण्याची जुंपली होती.

"काका, तुमची नटी वळणावर लाथ मारणार," श्याम म्हणायचा.

"तुझी म्हस तरी काय करतली? लवतली, रडतली, मगे वळतली," धोंडूचं मालवणी उत्तर.

"लवते, पण सांगून लवते ना! ड्रायव्हरला कळतं तरी."

ते खरं होतं. चारदारीचं मागचं अंग जड, ती वळणावर कलंडल्यासारखी व्हायची पण रस्ता सोडायची नाही. दोनदारी सुरीसारखी वळणात शिरायची, मात्र तिचं शेपूट हलकं. ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा उचलला की मागची चाकं घसरून गाडी गरकन फिरायची. धोंडू पंधरा दिवस त्या शेपटामागे लागला होता. शेवटी त्याने वर्सोव्याची वाळू आणली, गोणीत मोजून मणभर भरली आणि डिकीत बरोबर मध्यावर ठेवली. मागची चाकं दबली, गाडी ताळ्यावर आली. शनिवारी संध्याकाळी त्याने ती आरे कॉलनीच्या रस्त्यावर फिरवून आणली आणि कधी नव्हे तो शीळ घालत घरी गेला.

रविवारी सकाळी धोंडू परस्पर मुलुंडला गेला. तिथे एका बंद कारखान्याचं मोठं आवार होतं, त्यात डांबराचे रिकामे ड्रम मांडून वळणं करायची होती. गाड्या मागून यायच्या होत्या.

इकडे बाई पहाटेपासून चुलीशी. पंधरा माणसं जमणार, ती काय हवा खाणार? काळ्या वाटाण्याची उसळ, घावन, खोबऱ्याची चटणी, शिरा. चारदारीत माणसं बसली. डबे दोनदारीच्या डिकीत ठेवायचे म्हणून बाईंनी डिकी उघडली, तर आत ओली गोणी.

"ही घाण कुणी भरली इथे? भीमराज, काढ ती!"

गॅरेजचा वॉचमन भीमराज म्हणाला, "बाई, धोंडूकाकांना विचारू या?"

"धोंडूला काय विचारायचंय? अन्न जायचंय यातून. काढ म्हणते ना!"

भीमराजने गोणी ओढून भिंतीशी टाकली. बाईंनी डिकी पुसली, डबे मांडले, दोन्ही गाड्यांना हळदकुंकू लावलं आणि निघाल्या. मुलुंडला पोचल्यावर डबे उतरवून झाडाखाली ठेवले. धोंडू तेव्हा लांब, ड्रम सरळ करत होता.

जयंतीभाईंनी आधी चारदारी पळवली. पाच फेऱ्या. टायर किंचाळले, गाडी एका अंगावर कलली, पण एकही ड्रम हलला नाही. मग दोनदारीत बसले. पहिलं वळण असं घेतलं की श्यामसुद्धा "झकास!" म्हणून ओरडला. दुसरं वळणही तसंच. धोंडू दोन्ही हात छातीशी धरून उभा होता. तिसऱ्या वळणावर शेटनी पाय उचलला मात्र, गाडीचं शेपूट सुटलं. ती दोनदा गरगरली, तीन ड्रम उडवले आणि भिंतीपासून हातभर अंतरावर उलट्या तोंडाने थांबली.

जयंतीभाई उतरले ते पांढरेफटक. लागलं नव्हतं, पण बोलवत नव्हतं. बाईंना मात्र बोलवत होतं.

"धोंडू, शेटचा जीव घेणार होतास? हात चालत नाहीत तर सांगावं माणसाने! देखणी गाडी बघून म्हातारा हुरळला, दुसरं काय?"

पंधरा माणसांनी ऐकलं. कुणी तरी हसलंही.

धोंडूने जाऊन डिकी उघडली. आत हात घातला, चाचपला. मग श्यामला म्हणाला, "हय वाळूची गोणी होती. मणभर. मी काल ठेवलेली."

"काका, विसरलात तुम्ही," श्याम हळूच म्हणाला.

बाईंना गॅरेजच्या भिंतीशी टाकलेली ओली गोणी आठवली. जीभ उचलली असती तर चार शब्दांचं काम होतं. गोणी मी काढली, एवढंच. पण पंधरा माणसांसमोर आत्ताच थुंकलेलं आत्ताच कसं गिळायचं? आणि शेटचा हात तोवर श्यामच्या खांद्यावर पडला होता. "चारदारी जाणार. तू चल बरोबर." मुलाचं तोंड असं उजळलेलं बाईंनी बापाच्या माघारी पहिल्यांदा पाहिलं. त्या वळल्या आणि घावन वाढायला बसल्या. धोंडूच्या पानात दोन जास्त वाढले. त्याने पानाला हात लावला नाही.

पुढचा आठवडा धोंडू रोज आला, काम केलं, गेला. मग एक दिवस आला नाही. नंतर आलाच नाही.

महिनाअखेर श्याम शेटबरोबर मद्रासला निघाला. त्याला निरोप दिला आणि दुसऱ्या दिवशी बाई जोगेश्वरीला धोंडूच्या खोलीवर गेल्या. आधी मुलाची वाट मोकळी केली, मग खरं बोलायला निघाल्या. हे त्यांचं त्यांनाही कळत होतं.

धोंडू खोलीत एकटाच होता. त्याने स्टूल पुढे केलं. बाई बसल्या नाहीत.

"धोंडू, ती गोणी मी काढलंय. डब्यांसाठी."

"माका म्हायत आसा. भीमराजान सोमवारीच सांगल्यान."

"मगे तोंड कित्याक नाय उघडलंस?"

"तोंड तुमचा होता, वैनी. ता मी कसा उघडू? आठ दिवस वाट बघलंय."

बाई आता स्टुलावर बसल्या.

"चल परत. मी चुकलंय."

"तुमी बोललात ता मैदानात, पंधरा माणसांत," धोंडू शांतपणे म्हणाला. "आनि ह्या सांगूक माझ्या खोलीत इलात. च्या घेतास?"

चहा त्यांनी घेतला. साखर नव्हती त्यात की होती, आठवत नाही त्यांना.

जयंतीभाई परतले तेव्हा बाईंनी घाटकोपरला जाऊन त्यांनाही सांगितलं. ते हसले. "अरे बेन, एवढीशी गोष्ट! ती गाडी तर मी देऊन पण टाकली." बाईंनी म्हटलं, धोंडूला तुम्ही दोन शब्द कळवा. "हां हां, कळवतो ना," म्हणाले. कळवलं नसणारच. श्यामला सांगितलं तर तो दोन दिवस जेवला नाही. मग कामाला लागला. राहिली ती बाकीची माणसं. ती पुन्हा एका मैदानात कुठून आणायची?

धोंडूने बोरिवलीला दुसऱ्याच्या शेडमध्ये काम धरल्याचं कळलं. तेव्हापासून बाईंना एक खोड लागली. कुणी गाडी वळणावर घसरते म्हणून आला की त्या पुढे व्हायच्या.

"बोरिवलीला धोंडू म्हणून मिस्त्री आहे, त्याच्याकडे जा. मुलुंडला त्याची गाडी फिरली ती माझ्यामुळे. त्याचं काम बरोबर होतं."

"आई, आपलं गिऱ्हाईक आपणच घालवायचं? आणि त्याला मुलुंडचं काय माहीत?" श्याम कातावायचा.

"नसू दे. तू गप रे."

बरीच माणसं गेली. त्यातला विलेपार्ल्याचा एक डॉक्टर सहा महिन्यांनी फाटकाशी थांबला, मुद्दाम सांगायला. गाडी आता रुळावरून गेल्यासारखी जाते म्हणाला.

"मी पाठवलं म्हणून सांगितलंत?"

"सांगितलं की."

"मग? काय म्हणाला?"

डॉक्टरने जरा आठवून पाहिलं.

"काही नाही. पान्याने नट आवळत होता, तो आवळत राहिला."