लाल दिवा लागतो, हिरवा लागत नाही

लाल दिवा लागला. हिरवा काही केल्या लागेना.

तळहाताएवढा तो उघडा संगणक टेबलावर पडला होता आणि मुलगा त्याच्याकडे डोळे वटारून बघत होता. लाल दिवा म्हणजे वीज पोचली. हिरवा लुकलुकला, तर मेमरी कार्डावरून वाचायला सुरुवात झाली. तो लुकलुकतच नव्हता. चार वाजता गाडी येणार होती, त्याचा पंधरा दिवसांचा कामाचा दौरा होता, आणि अण्णांची वाचा टेबलावर गप पडली होती.

अण्णा म्हणजे त्याचे वडील, चाळीस वर्षं वायरमन. बोलायला लागले की भल्याभल्यांची बोलती बंद करायचे. अर्धांगवायूने उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर बोलणंही. मुलाने या संगणकाची पेटी केली, तिला सहा मोठी बटणं. दाबलं की शब्द ऐकू येई: पाणी, दुखतंय, हो, नाही, ये. सहावं पांढरं, पेटी नीट बंद करायला. शब्द मुलाच्याच आवाजात होते, दुसरा आवाज आणायचा कुठून?

त्याने चार्जर बदलला. वायर बदलली. स्पीकर काढला, बटणांच्या तारा काढल्या. लाल दिवा आपला निर्लज्जासारखा जळतोच आहे. शेवटी खणातलं जादा कार्ड घातलं आणि हिरवा क्षणात लुकलुकला. म्हणजे जुनं कार्ड खराब. वाचन चालू असताना वीज एकदम तोडली की ते असं बिघडतं. पेटी चालू असताना कुणीतरी भिंतीवरचं बटण बंद केलं होतं, आणि एकदा नव्हे. कुणीतरी कशाला, दिवसा घरात चालतंफिरतं माणूस एकच होतं. खोली सोडताना भिंतीवरचं बटण बंद, हा अण्णांचाच नियम. आईने तो जन्मभर पाळला होता.

"आई, शंभरदा सांगितलं तुला! आधी पांढरं दाबायचं, हिरवा दिवा विझू द्यायचा, मग भिंतीवरचं."

"विसरते रे," कपड्यांच्या घड्या करता करता आई म्हणाली.

"विसरते म्हणजे? मी नसताना त्यांच्या छातीत दुखलं तर ते सांगणार कसं?"

आईने घडीला टॉवेल घेतला. तो फणफणत परत टेबलाशी आला.

आवाज तरी वाचवावेत म्हणून त्याने जुनं कार्ड लॅपटॉपला लावलं. आवाज शाबूत होते. शेजारी एक नोंद होती, कुठलं बटण किती वाजता दाबलं त्याची. ती सोय त्यानेच केली होती आणि कधी उघडून पाहिली नव्हती.

सोमवार. नऊ वीस, ये. नऊ एकवीस, ये. नऊ एकवीस, ये. तो सव्वानऊला कामाला निघायचा. अकरा चाळीसपर्यंत एकेचाळीस वेळा ये, आणि मग संध्याकाळी सहापर्यंत काहीच नाही. सहाला तो घरी यायचा. मंगळवारी तेच. बुधवारीही तेच.

तो आईसमोर जाऊन बसला आणि त्याने ते वाचून दाखवलं. आईने हातातला टॉवेल खाली ठेवला.

"विसरत नाही मी, मुद्दाम बंद करते. तू गेलास की सुरू करतात. मी जाते, तर मान हलवतात. मी नको असते. आणि आवाज तुझा. तू घरात नाहीस आणि तुझाच आवाज तासन्‌तास बोलावतोय. किती ऐकायचं रे माणसाने?"

"मग मला सांगायचं नाहीस?"

"सांगून काय? नोकरी सोडून घरी बसला असतास?"

बापाला वाचा दिली म्हणून तो चारचौघांत मिरवला होता. दिली होती ती हाक, आणि ती ऐकायला तो घरात नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली.

अण्णांच्या खोलीचं दार उघडंच होतं.

पावणेचारला अण्णांच्या पलंगाशी पेटी जोडून झाली. हिरवा लुकलुकला. अण्णांनी लगेच बटण दाबलं. ये.

तो पलंगाला टेकून उभा राहिला, आई मागे खुर्चीवर बसली होती. अण्णांनी डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं, बराच वेळ धरलं. मग सोडलं, आणि पांढरं बटण दाबून ठेवलं. हिरवा विझेपर्यंत थांबले. मग सगळं बळ लावून, कसाबसा हात लांबवून भिंतीवरचंही बंद केलं आणि आईकडे बघितलं. सगळं ऐकलं होतं त्यांनी. मुलाला रडू आवरेना.

बाहेर हॉर्न वाजला. कुणी हललं नाही. मग आई उठली आणि तिने भिंतीवरचं बटण चालू केलं.

"राहू द्या चालू. बोला तुम्ही."

तिघंही त्या दिव्याकडे बघत राहिले. हिरवा लुकलुकला. अण्णांनी दाबलं. ये.

"आले," आई म्हणाली.

अण्णांनी मान हलवली. आईने खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि ठाण मांडून बसली.

"हलवा मान. पंधरा दिवस आता येणार ती मीच."

दुसरा हॉर्न वाजला. मुलाने बॅग उचलली. तो दारातून बाहेर पडला तेव्हा मागून त्याचाच आवाज आला. ये. आणि लगेच आईचा. "आले."