साडेपाचशेचं मशीन

आमच्या वरवट बकालात कोणाला फ्रीज घ्यायचा असो की पाण्याची मोटर, दुकानात सोबत मला नेतात. भाव पाडण्यात माझं नाव आहे.

अर्जुनरावांच्या जुन्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला. कडूबा मिस्त्रीनं त्याचं मशीन जोडून पाहिलं आणि सांगितलं, सायलेन्सरजवळचा सेन्सर गेला, चार हजार लागतील. अर्जुनराव माझ्याकडे आले.

"उत्तमभाऊ, खरं असंन काय?"

"मिस्त्री म्हणन तेच खरं, मंग आपण काऊन जन्मलो?" मी म्हटलं. "दोष वाचायचं मशीन बाजारात भेटते. आपलं आपण वाचू."

शेगावच्या दुकानात प्रेरणा नावाच्या पोरीनं दोन मशीनं पुढं ठेवली. एक साडेसातशेचं, मोबाइलवर चालणारं. दुसरं बावीसशेचं, स्वतःचा पडदा असलेलं. "काका, स्वस्तवालं सगळ्याच गाड्यायले चालत नाही. लावून पाहा, मंगच घ्या."

गाडी बाहेरच उभी होती. पण लावून पाहिलं की गरज दिसते, आणि गरज दिसली की भाव पडत नाही, हे माझं जुनं सूत्र. न लावताच साडेपाचशेत आणलं.

परत येऊन गाडी थेट कडूबाच्या गॅरेजपुढं लावली. दीड वर्षाचं गॅरेज. हत्यारं थोडी, पण माणूस फसवत नाही या एका बोलीवर गिऱ्हाईक येतं. बाकावर रवी आणि आणखी तिघं बसलेले. मी मशीन स्टेअरिंगखाली खोचलं, मोबाइलचं बटण दाबलं. दोष : शून्य.

मोबाइल चौघांपुढून फिरवला. "पाहा बे. शून्य. मंग दिवा कोणं लावला, कडूबा? मांगच्या सर्व्हिसिंगले तूच लावून ठेवला असशीन."

रवी हसला. त्याचा ट्रॅक्टर आत उघडा पडला होता. हसता हसता तो ट्रॅक्टरकडं पाहू लागला. बाकीचे तिघं उठून चालते झाले.

कडूबानं हात पुसले. माझं मशीन उपटलं, तळहातावर ठेवलं.

"आता दाबा बटण."

दाबलं. दोष : शून्य.

मशीन गाडीशी बोललंच नव्हतं. मग कडूबानं त्याचं स्वतःचं जोडलं, टेप गुंडाळलेल्या वायरचं. दोषाचा नंबर आला. सेन्सर काढून दाखवला. काजळीनं काळा ठिक्कर. अर्जुनराव माझ्याकडं न पाहता म्हणाले, "बसवून टाक बाप्पा नवा."

मी कडूबाजवळ वाकलो. हळूच म्हटलं, "चुकलं गड्या."

पाना फिरवता फिरवताच तो म्हणाला, "भाऊ, मघा चौघायले ऐकू गेलं. आता मलेच नीट ऐकू नाही येऊन राह्यलं."

भाव पाडायची सवय. माफीतही पाडून पाहिला होता.

रवीपुढं उभा राहिलो आणि मोठ्यानं बोललो. कान तापले होते, पण वाक्य पुरं केलं. मग उरलेल्या तिघांची घरं. पहिलं राजकुमारचं. दारात त्याची आई, शालूबाई, भाजी निवडत होती.

"काय घ्याले जाऊन राह्यले आज, भाऊ?"

"काही नाही. कडूबाचं सांगाले आलो. त्याची काही लबाडी नव्हती. मशीन मीच खराब आणलं, अन् बोललोही मीच."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "अवो, राजकुमारनं तं शेजारच्या जनकाबाईलेबी सांगून टाकलं."

मी जनकाबाईच्या दाराकडं वळलो.