कानामागची खूण

मी बाळंतपणाचा चिमटा बोलतोय. दोन पोलादी पळ्या, मधे खटका. अडलेल्या पोराचं डोकं धरायचं आणि ओढायचं, एवढंच मला येतं. नाक मुरडू नका, तुमच्यातल्या कित्येकांना उजेड मीच दाखवलाय.

कुणी कळांनी सुटतं, कुणाला मी ओढतो, कुणासाठी पोट उघडावं लागतं. वाट अडचण ठरवते. पण माणसाला त्यातही मिरवायचं असतं!

आमच्या दवाखान्याची रीत अशी, की पोट बाईचं आणि सही नवऱ्याची. त्या दिवशी एक पोरगी अडली. डॉक्टरीण दारात जाऊन म्हणाली, "बाळाचे ठोके मंदावलेत. पोटातूनच काढू. सही करा."

नवऱ्यानं पेन उचललं. त्याच्या आईनं मनगट धरलं.

"पोट फाडून कसलं आलंय बाळंतपण? तू चार किलोचा होतास, तरी कळा देऊन सुटले मी. हिला जोर लावायचा कंटाळा!"

आतून पोरगी किंचाळली, "अहो, करा ना सही!"

"आई म्हणतेय तर थांबू थोडं," नवरा म्हणाला. नंदीबैल मेला!

थोडं म्हणजे दोन तास. डोकं खाली येऊन रुतलं, ठोके बुडायला लागले, पोट उघडायला वेळच उरला नाही. मग मला काढलं. घाईत तिरपा बसलो मी, कानामागची नस चेपली. पोर आलं, रडलं, पण अर्ध्याच तोंडानं. अर्धा चेहरा मेलेला.

आजीनं बघितलं आणि सुनेला म्हणाली, "वाकडंच जन्माला घातलंस!"

बाप बाळावर वाकला. बापाच्याच कानामागे जुना वण दिसला. माझाच. तीस वर्षांपूर्वी याच टेबलावर हीच म्हातारी ओरडत होती, "कापा, ओढा, काहीही करा, पण मला सोडवा!" तेव्हा सही अडवून दारात हिची सासू बसली होती.

आता मी काचेच्या कपाटात गंजतोय. परवा ते पोर लस टोचून घ्यायला आलं. हसलं. अर्धंच. आजी बाकावरच्या बायांना सांगत होती, "आमच्या सुनेचंही कळांनीच झालं हो!"

मला खुशाल भंगारात घाला. पण पेन टेबलावरच्या बाईला द्या. त्या दिवशी तिचा हात मोकळाच होता.